चित्रातलं घर : ७ – मांडीवरचं डोकं

केसांत उवा झालेल्या पोरीला दोन गुडघ्यांत धरून बसलेली आई ज्यानं पाहिली आहे, त्याला या चित्रातला प्रसंग उलगडून सांगावा लागत नाही. मुलानं गुडघे टेकून डोकं आईच्या मांडीत खुपसलं आहे. आई वाकून केस बाजूला सारते आहे, बट न् बट पाहते आहे. पीटर द होख या डच चित्रकारानं हे 1658 ते 1660च्या सुमारास रंगवलं. चित्र जेमतेम दोन फूट रुंद आहे आणि आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे.

द होख 1629 साली रॉटरडॅमला जन्मला. बाप गवंडी, आई सुईण. 1654 साली त्याचं डेल्फ्टच्या मुलीशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी तो तिथल्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला. आईबापांचे हे दोन व्यवसाय मला या चित्रापुढे पुन्हा पुन्हा आठवतात, कारण त्यात घर आणि मूल, दोन्ही सारख्याच जाणकारीनं आले आहेत.

आधी घर पाहू. भिंतीतच कपाटासारखा बसवलेला पलंग आहे. थंडीच्या देशात अशा पलंगात ऊब टिकते. निळ्या नक्षीच्या पांढऱ्या फरशा डेल्फ्टच्या. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी चिनी भांडी आणली, त्यांच्या नकलेतून तिथल्या कुंभारांचा हा धंदा फोफावला. (याच कंपनीची वखार त्या काळात आपल्या वेंगुर्ल्यातही होती.) उजवीकडे पुढ्यातच लाकडी खुर्ची दिसते, ती तान्ह्यांसाठी. बैठकीला भोक, खाली भांडं. डच नाव ‘काकस्टूल’, म्हणजे सरळ ‘शीची खुर्ची’. चित्रकारानं ती कोपऱ्यात लपवली नाही, हे मला फार आवडतं.

डावीकडचं दार उघडं आहे. पलीकडे दुसरी खोली, तिच्यापुढे बाग, आणि तिथून आत आलेलं ऊन. दारातून दार दिसणं ही द होखची खासियत. त्याच्या बऱ्याच चित्रांत, सगळ्या रेषा जिथे जाऊन मिळतात त्या बिंदूवर टाचणीचं बारीक भोक सापडलं आहे. तिथे टाचणी रोवायची, तिला खडू फासलेली दोरी बांधायची, दोरी ताणून टिचकी मारायची, की कॅनव्हासवर सरळ रेघ उमटते. भिंतीची ओळ धरणाऱ्या गवंड्याच्या हातातही दोरीच असते. बापाकडून तो हे शिकला असं म्हणायला पुरावा नाही, पण त्याच्या खोल्या बांधल्यासारख्या वाटतात खऱ्या.

या चित्राला ‘आईचं कर्तव्य’ म्हणतात. त्या काळचे चित्रकार सहसा चित्रांना नावं देत नसत, ती मागाहून चिकटत. कर्तव्याचा अर्थ अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. 1614 साली निघालेल्या रूमर फिस्सरच्या बोधचित्रांच्या पुस्तकात फणीसुद्धा आहे, मळ काढणारी आणि शोभा आणणारी म्हणून. डोक्याबरोबर मनही विंचरावं, असं डच वाचक त्यातून समजत. तरीही मला हे नाव तोकडं वाटतं. कर्तव्य उरकता येतं. ही बाई काहीच उरकत नाही. मुलाची मान पूर्ण सैल आहे, आणि ऊ शोधताना कुठलंही मूल इतकं स्वस्थ बसत नाही, बसलं तर ते त्या हातांवर विसंबलेलं असतं.

ऊन आहे ते मागच्या खोलीत. पाठमोरं बसलेलं एक छोटं कुत्रं त्या उजेडाकडे पाहतं आहे. आईला तिकडे पाहायला सवड नाही आणि मुलाला मांडीशिवाय काही दिसत नाही. द होखनं बाग, खिडकी, दार सगळं मन लावून रंगवलं आणि त्या दोघांना तिकडे वळू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात हाच प्रसंग खेरार्ड टेरबोर्खच्या हातून. तिथे घर जवळजवळ नाहीच. आई, फणी आणि मुलाच्या हातात एक सफरचंद.