विल्यम ब्लेकची घरच्या घरी छापलेली पुस्तके
लंडनचा चित्रकार आणि कवी विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) स्वतःच्या सचित्र कवितांचा लेखक, मुद्रक आणि प्रकाशक सारे काही स्वतःच होता. पोटापाण्यासाठी तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून देत असे. एरवी पुस्तकातला मजकूर खिळे जुळवून एकीकडे छापत आणि चित्रे दुसरीकडे. हा खर्च आणि ही फारकत टाळण्यासाठी त्याने १७८८च्या सुमारास नवी पद्धत काढली. आम्लाला दाद न देणाऱ्या रोगणात कुंचला बुडवून तो पत्र्यावरच कविता आणि चित्र एकत्र उतरवी. छापल्यावर अक्षरे सुलटी यावीत म्हणून प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागे. मग आम्लाने मोकळी जागा खाल्ली की रेषा किंचित उंच राहत. त्यांवर शाई लावून घरच्याच दाबयंत्रावर छपाई होई. पाने जलरंगांनी रंगवण्यात पत्नी कॅथरीनचाही हात असे. या पुस्तकांच्या श्रेयात तिचा वाटा मोठा आहे.

१७८९मध्ये ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ अशा रीतीने निघाले. १७९३च्या जाहिरातपत्रकात त्याची किंमत पाच शिलिंग होती. पत्रे जपून ठेवून ब्लेक मागणीनुसार प्रती काढी, त्यामुळे रंग, कधी पानांचा क्रमही प्रतीगणिक बदले. खप मात्र तुटपुंजाच राहिला. शंभर पत्र्यांच्या ‘जेरुसलेम’ची संपूर्ण रंगवलेली एकच प्रत आहे; ती आता येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.