तपासणीच्या तक्त्यात न मावणारा वर्ग

सकाळी साडेसात

आजची शाळा तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरमच्या वाटेवर आहे. पंचायत युनियनची प्राथमिक शाळा, पाच इयत्ता, दोन शिक्षिका. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख जे करतात त्याच्या जवळपासचं माझं काम: गटातल्या शाळांत जायचं, वर्ग पाहायचे, शिक्षकांना मदत करायची आणि पाहिलेलं ॲपमध्ये भरायचं. यातलं शेवटचं काम हळूहळू पहिलं होऊन बसलं आहे, याचं मला फार वाईट वाटतं. येतेय असा निरोप मी पाठवत नाही. तो गेला की आदल्या संध्याकाळी भिंतीवर नवे तक्ते चढतात आणि रोजचा वर्ग पाहायचा राहून जातो.

सव्वाआठ

मुलं ओळीत बसून रवा-खिचडी आणि सांबार खाताहेत. मुख्यमंत्री न्याहारी योजना सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. इथल्या दोघी शिक्षिका सांगतात, पहिल्या तासाला पेंगणारी मुलं आता दिसत नाहीत. शाळासुधारणेच्या किती बैठका मी ऐकल्या, पण इतकं साधं आणि खरं फार थोड्या वेळा हाती लागलं.

मी आधी स्वयंपाकघर पाहते. शेगडी कुठे आहे, छप्पर कशाचं आहे, मुलांना बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. कुंभकोणममध्ये काम करणाऱ्याला हे टाळता येत नाही. १६ जुलै २००४, शुक्रवार. काशीरामन रस्त्यावरच्या खासगी अनुदानित शाळेत दुपारच्या जेवणाच्या चुलीची आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या, जिना अरुंद होता. पण शाळा मान्यताप्राप्त होती. म्हणजे मान्यतेच्या कागदावर कुणीतरी सही केली होती. २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयानं दोषी ठरवलेल्यांत संस्थाचालकांबरोबर शिक्षण खात्यातली माणसंही होती. पुढे अपिलात उच्च न्यायालयानं त्यातल्या अनेकांना मोकळं केलं. त्याआधीच, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला होता. सहीची किंमत काय असते, ते मी या गावात शिकले. त्यामुळे ‘सर्व समाधानकारक’ हे दोन शब्द माझ्या हातून सहज लिहिले जात नाहीत.

साडेनऊ

तिसरीचा वर्ग. ‘एण्णुम एळुत्तुम’ ही अंकओळख-अक्षरओळखीची मोहीम २०२२ पासून चालू आहे. मुलांचे तीन गट असतात: अरुंबू, मोट्टू, मलर, म्हणजे कोवळी कळी, टपोरी कळी आणि फूल. वर्गात तिन्ही गट बसलेले आहेत, वह्या तपासलेल्या आहेत, साहित्य मांडलेलं आहे. ॲपचा तक्ता इथेच भरून संपला असता.

मी मागच्या रांगेत खाली बसले. शेजारच्या मुलीनं बावन्नातून अडतीस वजा केले आणि सव्वीस लिहिलं. तिच्या पलीकडच्या दोघांचंही सव्वीस. मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, मग तो वर असो की खाली, असा नियम मुलांनी स्वतःच बसवला आहे. फळ्यावर हातच्याचं गणित नीटनेटकं सोडवलेलं होतं; ते मुलांपर्यंत पोचलं नव्हतं, इतकंच. हे कळायला मला पाऊण तास बसावं लागलं. तक्त्यात ते लिहायला रकाना नाही.

दुपारी एक

रजिस्टरं पाहिली, सह्या केल्या.

दोन

मुलं बाहेर खेळताहेत. मी शिक्षिकेसमोर पेन्सिलींचे गठ्ठे ठेवले, दहादहाचे. “टीचर, बावन्न तुम्हीच मांडा, आणि अडतीस द्या मला.” पाच गठ्ठे, दोन सुट्या. आठ देताना तिनं गठ्ठा सोडला आणि थांबली. “मॅडम, हे मुलांच्या हातात द्यायला हवं होतं,” ती म्हणाली. मग तिनं मनातलं विचारलं: “ते परीक्षेचं काय होणार हो?”

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला आहे, त्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावंच लागेल. ती नोकरीला लागली तेव्हा ही परीक्षाच नव्हती. तमिळनाडूत २०१२ मध्ये ती पहिल्यांदा झाली, तेव्हा एक टक्काही उमेदवार उत्तीर्ण झाले नव्हते. शिक्षकाला विषय यायला हवा, यात मला शंका नाही. पण बावन्न वजा अडतीस तिला येतंच. मुलांचं सव्वीस कुठून येतं हे ओळखायला कोणती प्रश्नपत्रिका शिकवणार?

या गावात शिक्षक निवडण्याची दुसरी रीतही होऊन गेली. १८८० मध्ये इथल्या सरकारी महाविद्यालयातले तमिळ पंडित त्यागराज चेट्टियार निवृत्त झाले. आपल्या जागी त्यांनी उ. वे. स्वामीनाथ अय्यर या तरुणाचं नाव सुचवलं. तेव्हा महाविद्यालयाची सूत्रं गोपाळराव या मराठी देशस्थ प्राध्यापकाकडे होती. उमेदवाराला पद्यं म्हणायला आणि त्यांचा अर्थ सांगायला लावलं गेलं आणि ते ऐकून निर्णय झाला. जुन्या तमिळ ग्रंथांना पुन्हा उजेडात आणणारा संपादक या महाविद्यालयाला असा मिळाला. हजारो शाळांसाठी ही रीत पुरणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिच्यातलं ऐकणं तरी टिकायला हवं.

पाच

गटसंसाधन केंद्र. माहिती भरणं चालू आहे. मध्य प्रदेशातल्या ‘शाला सिद्धी’ या शाळा-मूल्यमापन योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी केलेला अभ्यास मी सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. शाळांचं मूल्यमापन झालं, सुधारणा आराखडे तयार झाले, पण शिकवणं बदललं नाही आणि मुलांचं शिकणंही नाही. तरी योजना पसरत गेली, कारण आराखडे मोजता येत होते. आज मी ‘शेरा’ या एकमेव मोकळ्या चौकटीत वजाबाकीचं सगळं लिहिलं आणि त्याच शाळेत पुढच्या आठवड्यात परत जायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, “एका शाळेला दोनदा? बाकीच्या भेटींचा आकडा कमी होईल.” मी म्हटलं, “होऊ द्या, सर.” त्यांनी थोडा विचार केला आणि सही केली.

रात्री साडेआठ

सांगलीहून मावसबहिणीचा फोन. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. टीईटीबद्दलचा न्यायालयाचा निकाल तिलाही लागू आहे. “ताई, पंचविशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसायचं म्हणजे लाज वाटते गं.” मी तिला म्हटलं, लाज सोड, आधी गणिताचा भाग काढू. रविवारी सकाळी दहाला फोनवर बसायचं ठरलं आहे. पट्टीश्वरमच्या वाटेवरच्या टीचरनाही मी त्याच वेळी बोलावणार आहे. भाषा दोन असल्या तरी अपूर्णांकांपासून सुरुवात करता येईल.