‘राजीनामा’ या शब्दाचे दोन अर्थ आणि सरसेनापति थिमय्या

‘राजीनामा’ हा शब्द आज आपण पदत्यागाच्या अर्थीं योजतों. मूळ फारसींत मात्र तें संमतिपत्र होय. पेशवाईंतील निवाड्यांच्या कागदांत वादी व प्रतिवादी राजीनामा लिहून देत, तो पंचांचा निर्णय मान्य करूं या अर्थानें. कोंढा येथें इतिहास शिकवीत असतां १९५९ सालचें थिमय्या-प्रकरण आम्हीं विद्यार्थ्यांस या शब्दापासूनच सांगत असूं. कारण त्यांत दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

सरसेनापति थिमय्या व संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचें पटत नव्हतें. कौल यांस थिमय्यांच्या शिफारशीविरुद्ध बढती मिळाली. उत्तर सीमेवरील धोक्याविषयींहि मतभेद होता; ऑगस्टच्या अखेरीस चिन्यांनीं लोंगजू येथील ठाणें घेतलें. थिमय्यांनीं पंतप्रधानांस परस्पर गाऱ्हाणें सांगितल्यानें मेनन रागावले, आणि ३१ ऑगस्ट रोजीं थिमय्यांनीं पदत्याग केला. नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनीं तो लगेच मागें घेतला. येणेंप्रमाणें राजीनाम्याचें पुन्हा संमतिपत्र झालें.

२ सप्टेंबरला नेहरूंनीं लोकसभेंत हा वाद क्षुल्लक ठरविला व मुलकी सत्ताच श्रेष्ठ असें बजाविलें. हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु आज्ञा देण्याचा अधिकार निराळा आणि सल्ला ऐकण्याचें कर्तव्य निराळें. कौटिल्यानें मंत्री व सेनापति या दोघांस ४८,००० पणांचें एकच वेतन सांगितलें आहे, तें उगीच नव्हे.

या प्रकरणाची खरी झळ एका महाराष्ट्रीय सेनानीस लागली. पूर्वविभागाचे अधिपति लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, जन्म १९०६, यांनीं ऑक्टोबर १९५९ मध्यें ईशान्य सीमेच्या संरक्षणाची योजना सैन्यमुख्यालयास सादर केली. सीमेवरील ठाणीं केवळ इशाऱ्यापुरतीं ठेवावीं, शत्रूस डोंगरांत लांबवर येऊं द्यावें, त्याचा रसदमार्ग ताणला म्हणजे मागील भक्कम जागीं गांठावें, असा तिचा आशय. मार्च १९६० मध्यें लखनौस ‘लाल किल्ला’ या नांवानें तिचा युद्धाभ्यासहि झाला. थिमय्यांनीं ती मेनन यांजकडे नेली; मेनन यांस तिची गरज वाटली नाहीं. एकदां राजीनामा परत घेतलेल्या सेनापतीच्या शब्दास वजन तें किती राहणार?

आपल्यामागें थोरातांस नेमावें, ही थिमय्यांची शिफारसहि फळली नाहीं. मे १९६१ मध्यें दोघेहि निवृत्त झाले व थापर सरसेनापति झाले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून पुढें पुढें ठाणीं नेण्याचें धोरण सुरू झालें; थोरातांच्या योजनेच्या तें नेमकें उलट होतें. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चिनी सैन्य चालून आलें. नोव्हेंबरांत सेला व बोमडिला पडलीं. मेनन गेले, थापर यांनींहि राजीनामा दिला. तो मात्र मागें घेण्याचा आग्रह झाला नाहीं. संरक्षणखातें यशवंतराव चव्हाणांकडे आलें.

पुढें नेहरूंनीं थोरातांस दिल्लीस बोलावून ती योजना पाहिली. ती आपल्यापर्यंत पूर्वीं कां आली नाहीं, असें त्यांनीं विचारल्याचें थोरातांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.