घरासाठी ट्रेडमिल निवडताना

ट्रेडमिल म्हणजे पायाखालून पट्टा सरकवत माणसाला जागच्या जागी चालायला लावणारे यंत्र. खाली जाड फळी, तिच्यावरून दोन रोलरांभोवती फिरणारा पट्टा, पुढचा रोलर फिरवणारी मोटर, मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर कार्ड आणि हाताशी बटणे, एवढीच तिची मूळ रचना. पंचवीस हजारांच्या यंत्रातही हेच भाग असतात आणि लाखाच्या यंत्रातही. फरक असतो तो मोटरच्या ताकदीत, पट्ट्याच्या लांबी-रुंदीत, फळीच्या जाडीत आणि सांगाड्याच्या मजबुतीत. निवड करताना आधी हे भाग पाहावेत. स्पीकर, ब्लूटूथ आणि रंगीत पडदा यांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

या यंत्राचा जन्म व्यायामासाठी झाला नव्हता. 1818 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्याने कैद्यांकडून सक्तीची मेहनत करून घेण्यासाठी पायऱ्यांचे मोठे फिरते चाक तयार केले. ही शिक्षा तिथे 1898 च्या कायद्याने मोडीत निघाली. पुढे 1952 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी हृदयाच्या तपासणीसाठी मोटरवर चालणारी ट्रेडमिल वापरात आणली. रुग्णालयांत ‘टीएमटी’ म्हणून जी चाचणी होते, तिची परंपरा तिथूनच सुरू होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस विल्यम स्टॉब या अभियंत्याने घरात परवडेल अशी ट्रेडमिल बनवली आणि हे यंत्र दवाखान्यातून घरात आले.

गरज कोणाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालले तरी पुरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे ‘रोज चाला’ हा डॉक्टरांचा सल्ला आता घराघरांत पोचला आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यासारख्या गावात हा सल्ला वर्षभर पाळणे मात्र सोपे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि सकाळी आठपासूनच ऊन लागू लागते. ज्या काळ्या जमिनीने इथल्या ज्वारीला नाव दिले आणि 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले, तीच जमीन पावसात इतकी चिकट होते की पाणंदीतून चालवत नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग गावाजवळून जातो. त्यावरची वाहतूक वेगवान, त्यात गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अंधारात रस्त्याच्या कडेने चालणे धोक्याचे ठरते. वयस्कर माणसे, गुडघ्याचा त्रास असलेले आणि पहाटे एकट्याने बाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रिया यांना घरातल्या व्यायामाची सोय खरोखर उपयोगी पडते. घराजवळ सुरक्षित मैदान असेल आणि वर्षभर तिथे जाता येत असेल, तर मात्र ट्रेडमिलवर पैसे घालण्याची गरज नाही.

मोटर आणि तिची खरी ताकद

ट्रेडमिलची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 746 वॅट. जाहिरातीत दोन आकडे असतात. क्षणभर मिळू शकणारी कमाल ताकद हा एक, आणि न थांबता मिळणारी ताकद हा दुसरा. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा पहिला असतो. चार हॉर्सपॉवर लिहिलेल्या यंत्राची सततची ताकद निम्मीच असू शकते. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न एकच : सतत मिळणारी हॉर्सपॉवर किती?

फक्त चालण्यासाठी सततची दीड ते दोन, अधूनमधून हळू पळण्यासाठी दोन ते अडीच आणि रोज पळण्यासाठी तीन हॉर्सपॉवर हे साधारण प्रमाण आहे. घरात वजनदार व्यक्ती असेल किंवा दोघे-तिघे पाठोपाठ वापरणार असतील, तर एक पायरी वरची मोटर घ्यावी. कमी ताकदीची मोटर जास्त ओझ्याखाली तापते आणि तिच्यासोबत कंट्रोलर कार्डही जळते. वजनाच्या मर्यादेबाबतही सैल हात ठेवावा. वापरणाऱ्याचे वजन 80 किलो असेल, तर यंत्राची मर्यादा किमान 100 ते 105 किलो हवी.

घरी वापरायच्या बहुतेक यंत्रांत डीसी मोटर असते आणि ती पुरेशी असते. दिवसभर चालणाऱ्या व्यायामशाळेसाठी एसी मोटर लागते. घरासाठी तिचा जादा खर्च करण्याचे कारण नाही. बिनमोटरची स्वस्त ट्रेडमिल पायांच्या जोराने फिरवावी लागते. ती वयस्करांना आणि गुडघेदुखी असणाऱ्यांना मानवत नाही. पलंगाखाली सरकवता येणारे सपाट ‘वॉकिंग पॅड’ हळू चालण्यापुरते ठीक असते, पण त्याला बहुधा धरायला दांडा नसतो. तोल जाण्याची भीती असलेल्यांनी ते टाळावे.

पट्टा, फळी आणि चढ

चालण्यासाठी पट्टा किमान 40 सेंटिमीटर रुंद आणि 115 ते 120 सेंटिमीटर लांब हवा. हळू पळण्यासाठी 45 बाय 130 आणि वेगाने पळण्यासाठी 50 बाय 140 च्या पुढे. उंच माणसाचे पाऊल लांब पडते. आखूड पट्ट्यावर तो नकळत पावले आवरतो आणि कंबर आखडते. म्हणून ज्याच्यासाठी यंत्र घ्यायचे, त्यानेच दुकानात त्यावर दहा मिनिटे चालून पाहावे. चालताना सांगाडा हलतो का, पाऊल टेकताच पट्टा क्षणभर अडखळतो का, फळी थोडी दबते की दगडासारखी कडक लागते, हे माहितीपत्रकातून कळत नाही.

पडद्यावरचा वेग खरा आहे का, हेही तपासता येते. पट्ट्यावर खडूने खूण करावी आणि एका मिनिटात ती किती वेळा समोर येते ते मोजावे. ताशी 5 किलोमीटर वेगाला पट्टा मिनिटाला सुमारे 83 मीटर सरकायला हवा. पट्ट्याचा पूर्ण घेर 2.6 मीटर असेल, तर 32 फेरे भरायला हवेत. फरक मोठा असेल, तर अंतराचे आणि उष्मांकांचे आकडेही चुकीचे येतात. उष्मांकांचा आकडा तर असाही अंदाजच असतो.

जास्तीत जास्त वेग किती, यापेक्षा चढ किती मिळतो याला घरच्या व्यायामात जास्त महत्त्व आहे. ताशी 5 किलोमीटर वेगाने सपाटीवर चालताना शरीराला जितका प्राणवायू लागतो, त्यापेक्षा 5 टक्के चढावर सुमारे 60 टक्के अधिक लागतो. म्हणजे न पळता, गुडघ्यांवर आपटणारे पाऊल न टाकता हृदयाला आणि फुप्फुसांना पुरेसा व्यायाम मिळतो. काही यंत्रांत खालचा पाया हाताने बदलून दोन-तीन पातळ्यांचा चढ मिळतो, काहींत बटणाने 10 ते 15 टक्क्यांपर्यंत मिळतो. बजेट मर्यादित असेल, तर ताशी 16 किलोमीटर वेगापेक्षा बटणावरचा चढ निवडणे शहाणपणाचे.

जागा आणि जमीन

यंत्राच्या मापापेक्षा त्याच्याभोवतीची मोकळी जागा महत्त्वाची. मागे किमान दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा सोडावी. तोल जाऊन मागे फेकल्या गेलेल्या माणसाच्या पाठीशी भिंत असली, तर तो फिरता पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो. पट्टा जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर उंच असतो, शिवाय चढ दिला की पुढची बाजू आणखी वर जाते. त्यामुळे छताची आणि पंख्याची उंची आधी मोजावी.

शहाबादी फरशीवर सांधे वर-खाली असतात. यंत्राचे चारही पाय टेकतात का ते पाहून खालचे स्क्रू फिरवून ते समतल करावे आणि खाली रबरी चटई घालावी. आरसीसी स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर यंत्र ठेवायला हरकत नसते. भारतीय मानकानुसार राहत्या घराची जमीन चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात. जुन्या माळवदाच्या घरात मात्र ट्रेडमिल वर चढवू नये. लाकडी तुळयांवरची माती पावलांचे सततचे हादरे सोसण्यासाठी नसते. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी माणूस आणि मोटर दोघेही तापतात. तिथे यंत्र ठेवायचेच असेल, तर पंखा लावून सकाळीच वापरावे.

वीज आणि अर्थिंग

चांगल्या यंत्राचा बळी वाईट विजेने जातो. ट्रेडमिलसाठी 16 अँपियरचा स्वतंत्र पॉवर प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्डवर ती चालवू नये. विजेचा दाब सारखा खाली-वर होत असेल, तर मोटरचा भार पेलेल असा स्टॅबिलायझर लावावा. घरगुती इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालवण्याचा प्रयत्न करू नये. छोट्या इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही आणि त्याच्या खडबडीत विजेने कार्ड बिघडू शकते.

अर्थिंग ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. कोरड्या हवेत पट्टा घासून स्थिर वीज तयार होते आणि दांड्याला हात लावताच झटका बसतो. चांगले अर्थिंग ती वाहून नेते. उन्हाळ्यात जमीन वाळते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल जाते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात वरचेवर पाणी घालावे आणि यंत्र बसवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. मीटरजवळ 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल, तर विजेच्या धक्क्यापासून मोठे संरक्षण मिळते.

वीज अचानक जाणे नवे नाही. दुकानातच चालत्या यंत्राचे बटण कोणाला तरी बंद करायला सांगून पट्टा कसा थांबतो ते दांडा धरून पाहावे. वीज परत आल्यावर पट्टा आपोआप सुरू झाला, तर ते यंत्र घेऊ नये. वीजबिलाची फार चिंता नको. चालण्याच्या वेगाला साधारण 500 ते 700 वॅट लागतात. रोज अर्धा तास चालल्यास महिन्याला नऊ-दहा युनिट होतात.

धूळ, तेल आणि लहान मुले

सोलापूर जिल्ह्यातली धूळ पट्ट्याखाली शिरते आणि फळी घासते. पट्टा रोज कोरड्या फडक्याने पुसावा. पट्टा आणि फळी यांच्यामध्ये दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन तेल सोडावे. खोबरेल किंवा शिलाईमशीनचे तेल कधीही वापरू नये, त्याने पट्टा खराब होतो. मोटरवरचे झाकण सहा महिन्यांनी प्लग काढून उघडावे आणि आतली धूळ मऊ ब्रशने झाडावी. पट्टा एका बाजूला सरकू लागला, तर मागचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा.

मोटरवर चालणाऱ्या बहुतेक ट्रेडमिलना कपड्याला अडकवायची सुरक्षा-किल्ली असते. माणूस घसरला की ती ओढली जाते आणि पट्टा थांबतो. ती लावल्याशिवाय चालू नये आणि व्यायाम संपल्यावर काढून मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. मे 2021 मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीला एका बालकाच्या मृत्यूनंतर एका प्रकारच्या सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. मुले आसपास असताना यंत्र चालवू नये.

मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर फोड आल्याचे कळत नाही. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर किंवा गूळ जवळ ठेवावा. हृदयविकार, छातीत दुखणे किंवा दम लागण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. वेग योग्य आहे का, याची खूण सोपी : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

दुरुस्ती कोण करणार?

मोटरला दीर्घ मुदतीची हमी दिलेली असते, पण बिघडते ते बहुधा कंट्रोलर कार्ड आणि झिजतो तो पट्टा. या दोन्हींची हमी किती, त्यांची किंमत किती आणि कंपनीचा मेकॅनिक मंगळवेढ्यापर्यंत घरी येतो का, ही तीन उत्तरे बिलावर किंवा संदेशात लेखी घ्यावीत. ऑनलाइन स्वस्तात घेतलेले यंत्र सोलापूरला नेऊन दुरुस्त करायचे म्हटले, तर सुमारे 55 किलोमीटरचे टेम्पोभाडे आणि चौघांचे हात लागतात. तक्रार सुटली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. कंपनी दिल्लीची असली, तरी मंगळवेढ्याच्या ग्राहकाला सोलापूर पुरते.

चालण्यासाठी यंत्र हवे असलेल्या सामान्य कुटुंबाने सततची दोन हॉर्सपॉवर, 120 सेंटिमीटर लांब पट्टा, बटणावरचा चढ, 100 किलोच्या वर वजनमर्यादा आणि घरपोच दुरुस्ती एवढ्या पाच गोष्टी पाहाव्यात. या पाच गोष्टी असल्या, तर बाकीच्या सोयी नसल्या तरी चालेल. या पाच नसतील, तर बाकीच्या सोयींवर एक रुपयाही जास्त देऊ नये. यंत्र येण्याआधी पॉवर प्लग आणि अर्थिंग करून घ्यावे आणि पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करावी.