घर की इस्पितळ?

‘याला ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवा’, असे आपण चेष्टेत सहज म्हणतो. दोन्हीकडे मनोरुग्णालये आहेत. गंभीर मानसिक आजार झाला की माणसाची जागा घरात नाही, अशी समजूत या चेष्टेत दडलेली असते. ती कितपत खरी आहे?

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत शैला पै आणि रवी कपूर यांनी १९८० च्या सुमारास हे तपासून पाहिले. स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता झालेल्या रुग्णांचे २७-२७ जणांचे दोन गट होते. एक गट इस्पितळात दाखल झाला. दुसरा घरीच राहिला आणि परिचारिका त्यांच्या घरी जाऊ लागली. सहा महिन्यांनी पाहिले, तर घरच्या गटाची लक्षणे अधिक कमी झाली होती, त्यांचे रोजचे व्यवहार अधिक सुधारले होते. घरच्यांवरचा भारही हलका झाला होता.

रुग्ण घरातच, मग भार हलका कसा? कारण घरचे एकटे नव्हते. गोळ्या चालू आहेत ना, झोप लागते का, हे पाहणारे आणि ‘हा आळस नव्हे, आजार आहे’ असे सांगणारे कोणी येत होते. नुसते घर पुरत नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांना १९५८ मध्ये उलटेच दिसले होते. इस्पितळातून आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले रुग्ण, भावंडांकडे राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत. पुढच्या अभ्यासांत कारण कळले: सततची टीका आणि अति काळजी. आपल्याकडे प्रेमापोटी या दोन्ही गोष्टी भरपूर होतात!

तामिळनाडू, गोवा आणि सातारा येथे २८२ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी गेल्याने फायदा झाला, पण माफक. तामिळनाडूच्या ग्रामीण भागात सर्वांत जास्त. दवाखाना जिथे दूर, तिथे दारात आलेल्या माणसाची किंमत जास्त, असे मला वाटते.

इस्पितळ लागतेच, असेही प्रसंग आहेत. आत्महत्येचा धोका असेल, रुग्णाने खाणेपिणे सोडले असेल, तर थांबू नये. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असा आजार असेल, तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही.