पेशींच्या गोटातून (भाग १४) : पीएसए पुन्हा का चढतो?

गेल्या आठवड्यात आपण शिकागोच्या चार्ल्स हगिन्सपाशी थांबलो होतो. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, ते तोडलं की गाठ आक्रसते, हे त्याने १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये नोबेल मिळालं. उपचाराचा पाया आजही तोच. कुणी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतं, कुणी खर्चाचा हिशेब करून वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया करून घेतं.

मग फाइलीत रिपोर्ट साठत जातात. समजा, पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात उतरणारं, तपासणीत मोजलं जाणारं प्रथिन) १२० होता, तो ०.४ वर आला. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दीड-दोन वर्षं, कुणाची त्याहून पुष्कळ जास्त, बरी जातात. आणि मग एका खेपेला २, पुढच्या खेपेला ५, नंतर ११. टेस्टोस्टेरॉन मात्र तळालाच.

या अवस्थेला बरीच वर्षं ‘संप्रेरक-निरपेक्ष’ कर्करोग म्हणत. गाठीला आता संप्रेरकाशी देणंघेणं उरलं नाही, असा त्याचा अर्थ. माझ्या मते या नावाने मोठी दिशाभूल केली, कारण उलटा पुरावा त्याच रिपोर्टात छापलेला होता. पीएसएचं जनुक मुख्यतः चालू करतो तो अँड्रोजेन रिसेप्टर. (पुस्तकी मराठीत ‘ग्राही’, ओपीडीत हा शब्द मी तरी ऐकलेला नाही.) टेस्टोस्टेरॉन चिकटलं की हे प्रथिन केंद्रकात शिरतं, डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि वाढीची जनुकं जागी करतं, त्यांच्याबरोबर पीएसएचंही. म्हणजे पीएसए चढतोय तो रिसेप्टर कामावर आहे म्हणून. शेठ गावाला गेलाय, पण मुनीम पेढी चालवतोय!

कशी चालवतो? या रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून पुरुषाकडे त्याची एकच प्रत. उपासमारीतून तगलेल्या अनेक गाठींत मात्र त्याच्या ढीगभर प्रती सापडतात. रिसेप्टर इतके झाले, की संप्रेरकाचे चार थेंबही पुरतात. आणि ते थेंब अधिवृक्क ग्रंथीतून येतात, काही गाठ स्वतःच बनवते. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरांत वाढवलेल्या मानवी गाठींच्या ‘आधीच्या’ आणि ‘नंतरच्या’ जोड्या ताडून पाहिल्या. प्रत्येक जोडीत सातत्याने दिसलेला बदल एकच होता: रिसेप्टर वाढलेला. याच वाटेने पुढे रिसेप्टरला रोखणारं एन्झालुटामाइड हे औषध आलं.

मायसी, एकेटी अशी इतर प्रथिनंही गाठीला रेटतात, पण या गोष्टीचा नायक रिसेप्टरच. त्याचा डाव पाहायचा तर एलएनकॅप पेशी पाहाव्यात. एका रुग्णाच्या लसिका गाठीतून काढलेल्या या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. त्यांच्या रिसेप्टरमध्ये सुमारे ९२० अमिनो आम्लांपैकी एकच बदललंय, ८७७ व्या जागेवरचं. तेवढ्याने फ्लुटामाइड हे रोखणारं औषधच त्याला चालना देऊ लागतं. काही रुग्णांत ही गोळी बंद केल्यावर पीएसए उतरायचा, त्याचं एक कारण असे बदल.

त्याहून चलाख एआर-व्ही७, रिसेप्टरचंच एक तोकडं रूप. यात रिसेप्टरचा संप्रेरक धरणारा तुकडाच गळालेला असतो, आणि एन्झालुटामाइड नेमकं तिथेच बसतं. आता संप्रेरकही नको, औषधाचीही भीती नाही. रिसेप्टर कायमचा चालू. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये एन्झालुटामाइड घेणाऱ्या ३१ रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी तपासल्या. १२ जणांत एआर-व्ही७ सापडला. त्या १२ पैकी एकाचाही पीएसए निम्म्यावर आला नाही.

मग उरलेल्या टोकाला धरणारं औषध का करत नाहीत? प्रयत्न चालू आहेत, पण त्या टोकाला पक्की घडीच नाही. ओल्या सुतासारखं ते लोंबत असतं. औषधाला शिरून बसायला खाच लागते, ती तिथे नाही.

आणि काही थोड्या गाठी मात्र खरोखरच रिसेप्टर सोडून देतात. त्या पसरत असतात, पण फाइलीतला पीएसए हलत नाही. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.