लोणारचा कर्ता आणि त्याचे भाऊबंद

छत्रपती संभाजीनगराहून जालन्यामार्गे पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटर गेले की बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत लोणारचे सरोवर लागते. आणि वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात ‘आईन-ए-अकबरी’ने तेथील काच व साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांची आणि सरकारात जमा होणाऱ्या महसुलाची दखल घेतली असली, तरी या विवराचा कर्ता कोण हे त्या दफ्तरास ठाऊक असणे शक्यच नव्हते. लोकांनी लवणासुराची कथा रचली. १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने स्थळाचे वर्णन केल्यावर विद्वानांनी ज्वालामुखीचा कौल दिला, आणि सारा दख्खन बेसाल्टचाच असल्यामुळे तो कौल अगदीच अवाजवी नव्हता. पुढे १९७० च्या दशकात मॅस्केलिनाइट नावाचे काचेसारखे द्रव्य येथील खडकांत सापडले. ते प्रचंड आणि आकस्मिक दाबावाचून होत नाही, तेव्हा हे कृत्य आकाशातून आलेल्या पाषाणाचे ठरले.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वयाविषयी मात्र मतभेद आहेत: पूर्वी ते ५० हजार वर्षांच्या आसपास मानीत, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिले. तो पाषाण आघातातच बहुतांशी नष्ट झाल्याने त्याची कक्षा आता कोणासही कळावयाची नाही. त्याचे भाऊबंद मात्र अद्याप फिरत आहेत.

हे लघुग्रह मूळचे बहुधा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले. सूर्याच्या उष्णतेने तापलेला लहान धोंडा ती उष्णता एका बाजूस अधिक फेकतो, त्या सूक्ष्म रेट्याने लक्षावधी वर्षांत आपल्या वाटेवरून सरकतो, आणि गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचे हिसके जेथे ठरावीक तालाने बसतात अशा जागी पोहोचला की त्याची कक्षा लंबोळी होऊन तो आतल्या ग्रहांकडे झेपावतो. सूर्यापासून ज्यांचे किमान अंतर सुमारे साडेएकोणीस कोटी किलोमीटरांहून कमी, ते पृथ्वीसमीप गणले जातात.

७ ऑगस्ट २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील सदरलँडच्या दुर्बिणीस असाच एक सापडला: ‘२०२४ पीटी५’, जेमतेम दहा मीटरांचा. नाव रुक्ष खरे, पण तपशील चोख. ‘पी’ म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा, आणि ‘टी५’ म्हणजे त्या पंधरवड्यातील १४४ वी नोंद. पृथ्वीसारख्याच, जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या ज्या गटात तो मोडतो, त्यास शास्त्रज्ञांनी महाभारतातील अर्जुनाचे नाव दिले आहे.

२९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर २०२४ या मुदतीत पृथ्वीने त्यास तात्पुरते धरून ठेवले, एवढ्यावरून वृत्तपत्रांनी ‘दुसरा चंद्र’ उगवल्याची हाकाटी केली. ती अतिशयोक्तीच होती, कारण त्याने पृथ्वीभोवती एकही पुरता फेरा घातला नाही. अशा वस्तूची गती मोठी विलक्षण असते. वेरूळच्या घृष्णेश्वरी प्रदक्षिणा घालणाऱ्या दोघांपैकी आतल्या अंगाने चालणारा पुढच्याला गाठतो, तशी आतल्या कक्षेतील वस्तू पृथ्वीला मागून गाठू लागते; पृथ्वी तिला पुढे ओढते, आणि या ओढीनेच तिची कक्षा मोठी होऊन ती मंदावते व मागे पडत जाते. पुढे पृथ्वी तिला मागून गाठते, मागे खेचते, आणि ती पुन्हा आत उतरून वेगवान होते. पृथ्वीवरून पाहिल्यास हा मार्ग घोड्याच्या नालेच्या आकाराचा दिसतो.

कक्षेचे गणित बसवावयास तत्त्वतः तीन वेध पुरतात. १८०१ साली गणिती गाउसने त्याच पट्ट्यातल्या सेरेसची हरवलेली वाट अशाच मोजक्या वेधांवरून शोधून दिली. परंतु वेधांचा काळ जितका लांब, तितकी चूक कमी. जानेवारी २०२५ मध्ये ‘२०२४ पीटी५’ पुन्हा जवळून गेला, तेव्हा कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या रडारने त्याचे वेध घेतले. त्याचा पृष्ठभाग चंद्रावरच्या खडकासारखा आढळला, म्हणून तो चंद्रावरूनच कधीकाळी उडालेला तुकडा असावा, असा तर्क आहे. तो पुन्हा २०५५ साली येईल, पण साध्या दुर्बिणीतून दिसणार नाही.

याहून पुष्कळ मोठा, सुमारे ३४० मीटरांचा अपोफिस हा लघुग्रह १४ एप्रिल २०२९ रोजी पहाटे सव्वातीनच्या सुमारास, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांच्या जयंतीची लगबग चालू असेल तेव्हा, भूपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही खालून निघून जाईल. पुढील निदान शंभर वर्षे तो पृथ्वीवर आदळणार नाही, असे गणित सांगते.